गॅस टर्बाइन कॉम्प्रेसरचे एअर सील: डिझाइनचा क्रम, हिशेब आणि नेहमीच्या चुका

लॅबिरिंथ सील म्हणजे फिरता रोटर आणि स्थिर स्टेटर यांच्यातल्या फटीतून हवा कमी गळावी म्हणून केलेली दात्यांची ओळ. तिचे डिझाइन बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी दात्यांची संख्या ठरते, मग एखाद्या जुन्या ड्रॉइंगवरून ०.३ मिमी क्लिअरन्स (दात्याचे टोक आणि समोरची भिंत यांच्यातली फट) उचलला जातो आणि त्यावर गळती काढली जाते. सगळे आकडे जुळल्यावर कोणीतरी विचारते, की रोटर तापून फुगला तर काय? तिथे सगळे मुसळ केरात जाते. क्लिअरन्स आपल्या मर्जीने निवडता येत नाही. रोटर आणि स्टेटर एकमेकांच्या तुलनेत किती हलतात याचा हिशेब पूर्ण झाला की जे हाती उरते, तोच क्लिअरन्स.

खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. आकडे समजावेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: कॉम्प्रेसरच्या शेवटच्या टप्प्यामागचे सील, त्रिज्या २०० मिमी, वेग मिनिटाला १२,००० फेरे, आत १५०० किलोपास्कल आणि ७०० केल्विन (४२७ अंश सेल्सिअस), बाहेर ७५० किलोपास्कल.

## ० – तयारी: हे हाताशी नसेल तर सुरुवात करू नका

फक्त टेक-ऑफचे दाब-तापमान घेऊन बसणे ही पहिली चूक. इंजिनाच्या प्रत्येक अवस्थेसाठी सीलच्या दोन्ही बाजूंचे दाब, हवेचे तापमान आणि फेरे लागतात: थंड स्टार्ट, आयडल, टेक-ऑफ, क्रूझ, उतरतानाचा आयडल आणि बंद केल्यानंतरचा काळ. यातल्या स्थिर अवस्था सहज मिळतात. पण सीलचे भवितव्य ठरते ते मधल्या बदलांत, म्हणून वेळेनुसार बदलणारे तापमानही मागून घ्या, रोटरचे वेगळे आणि स्टेटरचे वेगळे.

शिवाय हे हवे:
- दोन्ही बाजूंच्या धातूंचा प्रसरणांक आणि लवचिकता गुणांक, कामाच्या तापमानाचे. खोलीच्या तापमानाचे चालणार नाहीत.
- शाफ्ट आणि बेअरिंगच्या मांडणीवरून, विमान वळताना रोटर किती वाकतो तो आकडा.
- थ्रस्ट बेअरिंगवरचा (रोटरला लांबीच्या दिशेने धरून ठेवणाऱ्या बेअरिंगवरचा) अक्षीय भार आणि त्याची खालची-वरची मर्यादा.
- गळलेली हवा पुढे कुठे जाते, याचा दुय्यम हवेच्या (थंड ठेवायला किंवा दाब द्यायला मुख्य प्रवाहातून काढलेल्या हवेच्या) जाळ्यातला नकाशा.

## १ – सीलचे काम एका वाक्यात लिहा

स्टेटरच्या पात्यांखालचे सील आणि मागचे सील दिसायला सारखेच, पण त्यांची कामे वेगळी. पात्यांखाली हवा उलटी वाहते. पात्यांच्या पुढची दाब वाढलेली हवा खालच्या पोकळीतून मागे येते आणि मुख्य प्रवाहात पुन्हा मिसळते. इथे नुकसान फक्त गळलेल्या किलोंचे नसते. परत येणारी हवा पात्यांच्या मुळाशी प्रवाह बिघडवते आणि तीच हवा पुन्हापुन्हा दाबली गेल्याने पोकळी तापते.

मागच्या सीलमधून निसटणारी हवा कित्येकदा पुढे डिस्क थंड ठेवण्याचे किंवा बेअरिंगच्या कोठीला दाब देण्याचे काम करते. असे सील खरे तर मोजमापाचे छिद्र असते. ते हवे त्यापेक्षा घट्ट झाले तर पुढचा भाग उपाशी राहतो. म्हणून 'गळती कमीत कमी' असे न लिहिता 'गळती अमुक आणि तमुक यांच्या दरम्यान, नव्या आणि झिजलेल्या दोन्ही स्थितींत' असे लिहा.

## २ – त्रिज्या आणि जागा

त्रिज्या जितकी लहान तितके बरे. गळतीची जागा त्रिज्येच्या प्रमाणात वाढते आणि मोकळ्या कड्याचे फेऱ्यांमुळे होणारे फुगणे तर त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. पण सील कुठेही सरकवता येत नाही, कारण त्याची त्रिज्या बदलली की डिस्कवरच्या दाबाचा समतोल बदलतो.

आपल्या उदाहरणात सील २०० वरून १९० मिमी त्रिज्येवर आणले तर मधल्या कड्याचे क्षेत्रफळ ०.०१२२५ चौरस मीटर होते. त्यावर ७५० किलोपास्कलचा फरक, म्हणजे सुमारे ९.२ किलोन्यूटन. सीलच्या १० मिमी हालचालीने थ्रस्ट बेअरिंगवर एवढा भार इकडचा तिकडे होतो. एखाद्या अवस्थेत हा भार शून्यावरून दुसऱ्या दिशेला जात असेल तर बेअरिंगचे गोळे घरंगळण्याऐवजी घसरू लागतात.

अक्षीय जागाही इथेच पक्की करा. रोटर आणि केसिंग लांबीतही कमी-जास्त वाढतात आणि सर्ज झाल्यास (कॉम्प्रेसरमधला प्रवाह एकदम उलटल्यास) रोटर क्षणभर पुढे ढकलला जातो. सरळ सीलला, म्हणजे सगळे दाते एकाच त्रिज्येवर असलेल्या सीलला, याचे सोयरसुतक नसते. पायऱ्यांच्या सीलमध्ये (प्रत्येक दाता वेगळ्या त्रिज्येच्या पायरीसमोर असतो) मात्र दाता पायरीच्या उभ्या भिंतीवर आदळू शकतो.

तपासणी: पायऱ्यांचे सील निवडले असेल तर प्रत्येक अवस्थेत दाता पायरीच्या कोणत्या बिंदूसमोर आहे ते एका चित्रावर काढा. जोडणीच्या वेळी रोटर आत सरकवतानाची स्थितीही त्यात असू द्या. जोडताच येत नाही असे सील कागदावर अनेकदा उत्तम दिसते.

## ३ – हालचालींचा तक्ता: खरे डिझाइन इथे होते

हा टप्पा घाईने उरकू नका. बाकीच्या सगळ्या टप्प्यांना मिळून लागतो तेवढा वेळ याला द्या.

तापून वाढणे. इन्कोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूसाठी ४०० अंशांच्या आसपास प्रसरणांक साधारण १४ दशलक्षांश धरला, तर २०० मिमी त्रिज्या प्रत्येक अंशाला ०.००२८ मिमी वाढते. ४०० अंश वाढीला १.१२ मिमी. म्हणजे आपण ज्या क्लिअरन्ससाठी झगडतो आहोत त्याच्या तिप्पट-चौपट. रोटर आणि स्टेटर दोन्ही इतके वाढतात, आपल्याला हवा तो त्यांच्यातला फरक. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करायची असल्याने कोणत्याही एका बाजूच्या तापमानातली २० अंशांची चूक थेट ०.०५६ मिमी क्लिअरन्स खाते.

फेऱ्यांमुळे वाढणे. मोकळ्या पातळ कड्यासाठी: घनता गुणिले कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्येचा घन, भागिले लवचिकता गुणांक. आपल्या आकड्यांनी (८२०० किलो प्रति घनमीटर, १८० गिगापास्कल) हे ०.५८ मिमी येते. कडे डिस्कला जोडलेले असेल तर डिस्क त्याला धरून ठेवते. नेमका आकडा फायनाइट एलिमेंट विश्लेषणातून घ्या. इथे ०.३४ मिमी धरू.

वेळेचा खेळ. स्टेटरचे कडे पातळ असते आणि हवेत न्हाऊन निघते, ते काही सेकंदांत तापते. डिस्क जाड, तिला मिनिटे लागतात. म्हणून थंड इंजिन एकदम वाढवले तर आधी क्लिअरन्स उघडतो. खरा धोका उलटा आहे: पूर्ण ताकदीवर सगळे तापले, थ्रॉटल आयडलला आला, स्टेटर आकसला, डिस्क अजून गरम आणि फुगलेली, आणि तेवढ्यात पुन्हा पूर्ण थ्रॉटल. फेऱ्यांची वाढ परत आली पण स्टेटर अजून थंडच. सर्वांत कमी क्लिअरन्स बहुधा इथे मिळतो.

उदाहरणात स्थिर टेक-ऑफला रोटर १.१२ + ०.३४ = १.४६ मिमी वाढतो, स्टेटर १.०६ मिमी. म्हणजे क्लिअरन्स थंड स्थितीपेक्षा ०.४० मिमीने मिटतो. गरम इंजिनाला पुन्हा थ्रॉटल दिल्यावर स्टेटर फक्त ०.९१ मिमीवर असतो आणि मिटण्याचा आकडा ०.५५ होतो. स्थिर अवस्था पाहून डिझाइन करणाऱ्याला हे ०.१५ मिमी कधी दिसतच नाहीत.

आता उरलेली भर: वळणातले वाकणे ०.१२, रोटरचे भिरभिरणे ०.०४, केसिंगची अंडाकृती विकृती ०.०५, टॉलरन्स ०.०४. एकूण बेरीज ०.८० मिमी. अजिबात घासू द्यायचे नसेल तर थंड क्लिअरन्स एवढा लागेल आणि स्थिर टेक-ऑफला ०.४० उरेल.

दात्यांसमोर स्टेटरवर फवारलेली मऊ, घासली जाऊ शकणारी लायनिंग खरी किती मदत करते? इथे मोठा गैरसमज आहे. 'लायनिंग घासली जाणारच, मग ०.२ मिमी कमी ठेवू' असा हिशेब चुकीचा. सगळ्या परिघावर एकसारखे मिटणे असेल तर दाते सगळीकडून तेवढे कापतात आणि आपण वाचवलेला क्लिअरन्स पहिल्याच दिवशी परत उघडतो. भिरभिरण्याचेही तसेच, कारण रोटरचा फुगीर बिंदू पूर्ण वर्तुळ फिरून येतो. फायदा होतो तो एकाच दिशेच्या वाकण्यात. रोटर एका बाजूला सरकून जास्तीत जास्त ०.१० मिमी खोल कापतो, तेव्हा चंद्रकोरीच्या आकाराचा काप पडतो आणि पूर्ण परिघावर सरासरी क्लिअरन्स फक्त ०.१० भागिले ३.१४, म्हणजे ०.०३२ मिमीने वाढतो.

म्हणून वळणातल्या ०.१२ पैकी ०.१० कापू द्यायचे ठरवू. थंड क्लिअरन्स ०.७० मिमी, स्थिर टेक-ऑफला ०.३० आणि एका बाजूला काप पडल्यावर सरासरी ०.३३. सुरुवातीला जुन्या ड्रॉइंगवरून उचललेला ०.३ तोच आहे, पण आता तो कुठून आला हे सांगता येते आणि थंड जोडणीत किती ठेवायचा हेही कळते.

सावधान: इंजिन बंद केल्यावर गरम हवा वर चढते, रोटरचा वरचा भाग खालच्यापेक्षा गरम राहतो आणि रोटर कमानीसारखा वाकतो. याच काळात पुन्हा स्टार्ट केले तर दाते लायनिंगमध्ये खोल जातात. डिझाइनमध्ये हे सामावून घ्या, नाहीतर स्टार्टपूर्वी इंधनाशिवाय स्टार्टरवर रोटर फिरवण्याची सूचना इंजिनाच्या पुस्तिकेत लिहावी लागेल, तीही मिनिटांसकट.

## ४ – दात्यांचा आकार

क्लिअरन्स अर्धा केला तर गळती जवळपास अर्धी होते. दाते मात्र आदर्श स्थितीतही वर्गमुळाच्या प्रमाणातच उपयोगी पडतात: चाराचे सहा केले तर गळती सुमारे १८ टक्के घटते आणि सीलची लांबी दीडपट होते. बहुतेक जागी चार ते सहा दाते पुरतात. त्यापुढे वजन आणि लांबी वाढते, फायदा आटतो.

- टोकाची जाडी ०.२ ते ०.४ मिमी. जाड टोक घासताना जास्त उष्णता तयार करते, फार पातळ टोक हाताळताना वाकते.
- टोकाची हवेकडची कड धारदार ठेवा. कड गोल झाली की प्रवाह कमी आकसतो आणि त्याच क्लिअरन्समधून जास्त हवा जाते. ड्रॉइंगवर 'सर्व कडा मोडा' ही सर्वसाधारण टीप असते ती इथे लागू नाही, असे स्पष्ट लिहा. ही एक ओळ विसरल्याने चांगली सील फुकट गेली आहेत.
- दाते येणाऱ्या हवेकडे कललेले असतील तर गळती थोडी कमी होते, पण ते तयार करणे आणि दुरुस्त करणे अवघड. अक्षीय जागा अगदीच अपुरी असेल तरच त्या वाटेला जा.
- दोन दात्यांतले अंतर साधारण दात्याच्या उंचीएवढे किंवा थोडे जास्त. पोकळी उथळ झाली तर हवेचा झोत आतली गती न गमावता सरळ पुढच्या दात्याखालून निसटतो.

## ५ – लायनिंगचे साहित्य

तापमानाची मर्यादा पाहताना मुख्य प्रवाहाचे तापमान धरतात, ही चूक. सीलमधली हवा फिरत्या भिंतीला घासून तापते. दात्यांचा वेग इथे सेकंदाला २५१ मीटर आहे. न फिरता आत आलेली हवा रोटरच्या निम्म्या वेगाने फिरू लागली तर एवढ्यानेच तिचे तापमान सुमारे २९ अंशांनी चढते. स्थिर भिंतीच्या घर्षणाविरुद्ध तिला फिरते ठेवायला लागणारे काम याच्या वर. गळती जितकी कमी तितकी तीच उष्णता थोड्या हवेत जिरते, म्हणून फार घट्ट सील जास्त तापते.

अॅल्युमिनियम-सिलिकॉन-पॉलिएस्टरचा फवारा साधारण ३२५ अंशांपर्यंत चालतो, कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या टप्प्यांना उत्तम. निकेल-ग्राफाइट साधारण ४८० पर्यंत. आपले सील ४२७ + २९ = ४५६ अंशांवर आहे. चौकटीत बसते, पण गरम दिवसाची हवा आणि झिजलेल्या इंजिनाचे वाढीव तापमान धरले तर हाती काहीच उरत नाही. इथे कोबाल्ट-निकेल-क्रोमियम मिश्रधातू आणि बोरॉन नायट्राइडचे उच्च तापमानाचे लायनिंग घ्यावे.

सावधान: टायटॅनियमवर टायटॅनियम कधीही घासू देऊ नका. रोटर टायटॅनियमचा असेल तर समोर टायटॅनियमचे कडे उघडे राहता कामा नये, लायनिंग पूर्ण कापले गेल्यावरही. दाब आणि तापमान असलेल्या हवेत टायटॅनियम पेटते आणि ती आग काही सेकंदांत केसिंगच्या बाहेर येऊ शकते.

लायनिंगची जाडी ठरवताना सर्वांत खोल काप, मशीनिंगची कसर आणि खाली किमान अर्धा मिलिमीटर शिल्लक, एवढी बेरीज करा. दाता खालच्या बाँड-कोटपर्यंत (लायनिंग चिकटावी म्हणून दिलेल्या धातूच्या थरापर्यंत) पोचला की तो धातूवर धातू घासतो. कठीणपणाची वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा ड्रॉइंगवर हव्यात. फवारा कडक झाला तर लायनिंगऐवजी दाता झिजतो, मऊ झाला तर हवेबरोबर वाहून जातो. दात्यांच्या टोकांवर अॅल्युमिनाचा कठीण थर दिल्यास कापण्याचे काम सोपे होते.

## ६ – आता गळती मोजा

मार्टिनचे सूत्र सुरुवातीला पुरते. गळतीची जागा घ्या, तिला आतल्या दाबाने गुणा, वायू स्थिरांक आणि आतले तापमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा. मग एका अपूर्णांकाच्या वर्गमुळाने गुणा: वर १ उणे दाबांच्या गुणोत्तराचा वर्ग, खाली दात्यांची संख्या अधिक दाबांच्या उलट गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम.

पाच दाते, ०.३० मिमी: जागा ०.०००३७७ चौरस मीटर, अपूर्णांकाचे वर्गमूळ ०.३६३. विसर्ग गुणांक (प्रत्यक्ष आणि आदर्श प्रवाहाचे गुणोत्तर) ०.७ धरून सेकंदाला ०.३२ किलो.

हे उत्तर पायऱ्यांच्या सीलला जवळचे आहे. सरळ सीलमध्ये झोताची गती प्रत्येक पोकळीत पूर्ण मरत नाही. हॉडकिन्सनच्या सुधारणेनुसार दात्यांतले अंतर ५ मिमी असेल तर गुणक १.५८, गळती ०.५१ किलो. अंतर १० मिमी केले तर गुणक १.३९, गळती ०.४४. सरळ सीलला हा गुणक न लावणे ही सर्वांत महाग पडणारी चूक, कारण मग इंजिन चाचणीत दीडपट हवा गायब होते आणि सगळे पात्यांना दोष देत बसतात.

तपासणी: पाच दात्यांसाठी बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या साधारण ०.२७ पटीखाली गेला तर शेवटचा दाता चोक होतो, म्हणजे बाहेरचा दाब आणखी उतरला तरी त्यातून जास्त हवा जात नाही. त्याखाली सूत्रात प्रत्यक्ष गुणोत्तर घालू नका, चोकच्या सीमेवरचेच वापरा. त्याहून कमी गुणोत्तर घातले तर सूत्र गळती उलटी घटताना दाखवते, आणि तसे कधी होत नाही.

हाच हिशेब प्रत्येक अवस्थेच्या त्या-त्या गरम क्लिअरन्सवर करा आणि नंतर झिजलेल्या ०.३३ वर पुन्हा. दोन्ही उत्तरे पहिल्या टप्प्यातल्या मर्यादेत बसत नसतील तर चौथ्या टप्प्यावर परत जा. तिसऱ्यातले आकडे मात्र सोयीसाठी हलवू नका.

## ७ – कंपन

सीलचे फिरते कडे पातळ आणि एका टोकाला धरलेले असते. पोकळ्यांतल्या हवेची स्वतःची कंपनसंख्या कड्याच्या कंपनसंख्येजवळ आली तर प्रवाहच कड्याला ऊर्जा देऊ लागतो आणि काही मिनिटांत टोकाशी तडे जातात. दोन्ही कंपनसंख्या काढा. कडे उच्च दाबाच्या बाजूने धरले आहे की कमी दाबाच्या, हे विश्लेषणात बरोबर घातले आहे ना ते पाहा, कारण स्थैर्य त्यावर अवलंबून असते. काठावरचे उत्तर आले तर कड्याच्या आतल्या खाचेत दुभंगलेली डॅम्पर रिंग बसवण्याची जागा आत्ताच ठेवा. नंतर जागा मिळत नाही.

## ८ – ड्रॉइंग, जोडणी, पहिले चालवणे

दात्यांचा रनआउट (फिरताना टोकांचे आत-बाहेर होणे) बेअरिंगच्या बसणीपासून मोजायचा, लायनिंगची समकेंद्रता बेअरिंग हाउसिंगपासून. दोन्ही माप सीलच्याच फ्लँजपासून घेतले तर सगळे तुकडे तपासणीत पास होतात आणि जोडल्यावर क्लिअरन्स एका बाजूला जातो. लायनिंगचे शेवटचे मशीनिंग फवाऱ्यानंतर, कडे त्याच्या जोडणीच्या स्थितीत बोल्ट करूनच करा. मोकळ्या कड्यावर केलेले वर्तुळ बोल्ट आवळल्यावर वर्तुळ राहत नाही.

जोडणीत क्लिअरन्स परिघावर आठ जागी मोजा, रोटर ९० अंश फिरवून पुन्हा मोजा. रोटरसोबत फिरणारा फरक दात्यांचा, जागेवर राहणारा फरक लायनिंगचा. आडव्या रोटरला स्वतःच्या वजनाने येणारा झोल वेगळा काढून वजा करा.

पहिल्या चालवण्यात थ्रॉटल टप्प्याटप्प्याने वाढवा, प्रत्येक टप्प्यावर तापमान स्थिर होऊ द्या. गरम असताना पुन्हा थ्रॉटल देण्याची चाचणी सर्वांत शेवटी. नंतर उघडून लायनिंगवरच्या कापाचा मेणात किंवा सिलिकॉनमध्ये ठसा घ्या आणि त्याची खोली तिसऱ्या टप्प्यातल्या तक्त्याशी ताडून पाहा. काप पूर्ण वर्तुळभर असेल तर मिटण्याचा आकडा कमी धरला गेला आहे. एकाच बाजूला असेल तर वाकण्याचा किंवा समकेंद्रतेचा. लायनिंग स्वच्छ असून दात्यांची टोके निळसर पडली असतील, तर त्या फवाऱ्याचा कठीणपणा पुन्हा मोजून घ्या.